पश्चिम दारातला राखणदार

या प्रकरणात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे. मी अकरा वर्षांची असताना कंबोडियातल्या अंकोर वाट या पुरातन मंदिराच्या पश्चिम दारात माझ्या आईने केळीच्या पानावर मूठभर भात ठेवला. तो भात तिने नेमका कोणापुढे ठेवला? आमच्या घरात या प्रश्नाची निरनिराळी उत्तरे दिली जातात, आणि प्रत्येक जण आपले उत्तर इतक्या खात्रीने देतो की सणासुदीला सगळे एकत्र जेवायला बसलो की हा वाद हमखास निघतो. त्या वेळी मी आईच्या अगदी शेजारी उभी होते, माझे डोळे चांगले होते आणि कानही. म्हणून जे पाहिले-ऐकले ते क्रमाने लिहिते आणि माझे उत्तर शेवटी देते.

प्रथम आमच्या घरातला एक नियम सांगितला पाहिजे; त्याच्याशिवाय पुढचे काहीच कळणार नाही. आमचे घर शहापूर तालुक्यातल्या शेणव्याचे. बाबा प्राथमिक शाळेत शिक्षक होते आणि भाताची शेती आई पाहत असे. शेती कोणाच्या नावावर आहे हे बाबांना ठाऊक होते, शेतात काय चालले आहे हे आईला. दिवाळीच्या सुमारास गावात सकाळपासून एकच आवाज असे, भाताच्या पेंड्या लाकडी फळीवर आपटल्याचा. धप्, धप्, आणि मध्येच दाणे पसरल्याची सरसर. आई भाकऱ्या थापता थापता त्या आवाजावरून कोणाची झोडणी कुठवर आली ते सांगे, आणि बाबा एकदा मुद्दाम जाऊन पडताळा घेऊन आले होते. तिचे बरोबर निघाले. अंगणात नव्या पेंढ्याचा गोडसर वास, पडवीत शेणाने लिंपलेली कणगी भरत चाललेली, आणि तरीही आमच्या ताटात गेल्या वर्षीचाच तांदूळ. कारण नियम असा होता की सगळ्या गावाची झोडणी संपेपर्यंत नवा तांदूळ कोणाच्याही चुलीवर चढवायचा नाही. शेवटच्या घराचे शेवटचे भारे झोडून झाले की गावदेवीचा भगत दिवस ठरवी. प्रत्येक घरातून मूठमूठ नवा तांदूळ गोळा होई, गावदेवीपुढे एकाच हंड्यात शिजे, देवीच्या मानाची कोंबडी दिली जाई, आणि त्या दुपारी सारा गाव एकदम नवा भात खाई.

लहानपणी मला हा निव्वळ देवीचा धाक वाटे. पुढे मी स्वतः शिक्षिका झाले, मुलांना गावाचे व्यवहार समजावून सांगू लागले, तेव्हा ध्यानात आले की या नियमामुळे मागे राहिलेल्या घराच्या खळ्यावर न बोलावता माणसे जात. ज्याला नव्या भाताची घाई, त्याने आधी शेजाऱ्याचे भारे झोडावेत, असा तो हिशेब होता. आईला मात्र असल्या उलगड्याची कधी गरज पडली नाही. "सखूआजीचे भारे पडून हायेत नि मी भात खाऊ? घशाखाली उतरंल का?" एवढेच ती म्हणे. सखूआजी म्हणजे गावाच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. तिची झोडणी दरवर्षी शेवटची. त्या वर्षी तर परतीचा पाऊस लांबला आणि तिचे भारे भिजले, म्हणून सारे गावच ताटकळले होते.

आणि नेमके त्याच वर्षी दिवाळीच्या सुटीत आम्ही परदेशी निघालो. माझा जनामामा टोकावड्याचा. मुरबाडच्या एका भातगिरणीत तो यंत्रजोडणी शिकला, आणि गिरण्यांची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने त्याला कंबोडियातल्या सिएम रीप या गावी नवी गिरणी उभी करायला पाठवले. तिथून तो बाबांना पत्रे लिही. त्याच्या घरापासून अंकोरची मंदिरे हाकेच्या अंतरावर आहेत हे वाचल्यापासून बाबांचे जेवणात लक्ष राहिले नाही. वर्षानुवर्षे ते फळ्यावर त्या मंदिराची पाच शिखरे काढून मुलांना सांगत आले होते की हे विष्णूचे मंदिर आहे, आपल्या देशाबाहेर आहे, आणि जगात एवढे मोठे देवालय दुसरे नाही. त्यांनी ते पाहिलेले नव्हते. आईने तर त्यांचा फळाही पाहिला नव्हता. शाळेच्या वेळी ती शेतात असे. "एकदा तुझ्या आईला मी काय शिकवतो ते दाखवायचे आहे," असे ते मला म्हणाले, आणि हे वाक्य मी विसरले नाही.

बाबांनी सामानाची यादी केली. क्रमांक घालून, तीन रकान्यांत, कोणती वस्तू कोणत्या पिशवीत आणि ती कोण उचलणार. आईने सांगितलेल्या वस्तूही त्यांनी प्रामाणिकपणे लिहून घेतल्या. त्यांत "जुना तांदूळ, दोन पायली" होता. दुसऱ्या वाचनात त्यांनी तो लाल शाईने खोडला.

"अगं, जना भाताच्या गिरणीत काम करतो. तिथली माणसे तिन्ही वेळा भात खातात. तिथे तांदूळ घेऊन जायचा म्हणजे तानसा तलावावर घागर घेऊन जाण्यासारखे आहे."

"घागर घेऊनच जातात तलावावर," आई म्हणाली.

बाबा हसले, पण यादी तशीच राहिली. ती लाल रेघ ही या प्रवासातली एकमेव चूक, असे ते पुढे स्वतःच म्हणत. आईने वाद घातला नाही. जुन्या तांदळाच्या पिठाच्या भाकऱ्या भाजून, फडक्यात गुंडाळून घेतल्या, सोबत सुकटीची चटणी. विमान, तिथून दुसरे विमान, आणि मधल्या विमानतळावरचा लांबलचक मुक्काम, या सगळ्यात त्या भाकऱ्या आम्ही चौघांनी संपवल्या. माझी धाकटी बहीण चिमी तेव्हा सहा वर्षांची. हवाईसुंदरीने पुढे केलेले डबे तिने एकामागून एक उघडून पाहिले आणि जाहीर केले, "ह्यांच्यात काय नाय. भाकरीच दे."

मामाचे घर लाकडी खांबांवर उभे होते, गिरणीच्या मागे. खाली मोकळी जागा, तिथे झोका बांधलेला, कोंबड्या फिरत असलेल्या, आणि सगळीकडे ताज्या कोंड्याचा वास. आई गाडीतून उतरली आणि पहिल्या श्वासालाच म्हणाली, "जना, हा वास आपला हाय रे!" इतकी खूश मी तिला प्रवासात प्रथमच पाहिली. घराची मालकीण वयस्कर होती. तिला सारे 'यीय' म्हणत, म्हणजे आजी. तोंडभर हसून तिने आम्हाला चटईवर बसवले आणि टोपल्यासारख्या भांड्यात वाफाळता भात आणून ठेवला. बरोबर भाजलेला मासा आणि आंबट रस्सा. मी आणि चिमीने हात घातला. आईने घास उचलला, नाकाजवळ नेला, आणि खाली ठेवला.

"जना, ह्यो तांदूळ नवा का जुना?"

मामा माझ्याकडे पाहू लागला. मग छताकडे. "जुना हाय ताई. एकदम जुना."

"आतून कच्चे दाणे आण."

मामाने आणले. आईने दोन दाणे दाढेखाली धरून चावले. जुना दाणा कट्‌ करून तुटतो, नवा मऊ असतो, आवाज न करता दबतो; हे मीही पुढे तिच्याकडूनच शिकले. आम्ही सगळे कान देऊन बसलो होतो. आवाज आला नाही.

"आठ दिसांचा असंल," आई म्हणाली. "गिरणीत राहून खोटं बोलतोस, लाज नाय वाटत? आईला सांगू काय?"

"ताई, आता इथं समदा नवाच असतो गो. त्यांची कापणी चालू हाय. जुना कुठनं आणू?"

"मंग मला नको. तुमी खा. पोरींना नेम नाय, त्यांना वाढ."

यीयला वाटले, पाहुणीला भात आवडला नाही. तिने लगबगीने तांदळाच्या शेवया आणल्या. त्याही नव्या तांदळाच्या. मग तांदळाचे गोड वडे. मामा एकेका पदार्थाचे नाव सांगे आणि आई मान हलवी. ते एखाद्या तोंडी परीक्षेसारखे चालले होते आणि देश नापास होत होता. शेवटी गावात मिळणारा लांबट पाव आणि केळी आणली. आईने पाव चहात बुडवून खाल्ला. "ह्ये आजारी माणसाचं जेवान," ती म्हणाली. पोट भरले असेल. पण आमच्याकडे ज्याने भात खाल्ला नाही तो जेवला असे कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा टोपी घालून, वही घेऊन तयार झाले. मंदिरांचा परवाना तीन दिवसांचा होता आणि बाबांनी तीन दिवसांचे वेळापत्रक आखले होते: पहिल्या दिवशी चेहऱ्यांचे मंदिर, दुसऱ्या दिवशी झाडांच्या मुळांनी धरलेले मंदिर, आणि सर्वांत मोठे, अंकोर वाट, तिसऱ्या दिवशी. आई झोक्यात बसून तांदूळ पाखडणाऱ्या यीयकडे पाहत होती.

"चल ना," बाबा म्हणाले.

"जेवले नाय त्या माणसानं देवळाच्या पायऱ्या चढायच्या नाय. चक्कर आली म्हंजी उचलणार कोण? तुमी का?"

बाबा आम्हा दोघींना घेऊन मामाबरोबर निघाले. वाटेत ते अचानक मामाला म्हणाले, "दोन पायली तांदळाला जागा किती लागली असती? माझ्या पुस्तकांच्या पिशवीत बसला असता." त्या दिवशी आम्ही बायोन या चेहऱ्यांच्या मंदिराच्या भिंतींवरची कोरीव चित्रे पाहिली. वर शिखरांवर मोठमोठे हसरे चेहरे आणि खाली भिंतींवर रोजचे जगणे: बैलगाड्या, बाजार, कोंबड्यांची झुंज, चुलीवर भांडे आणि चुलीशी वाकलेले माणूस. चिमी त्या चुलीपुढे थांबली आणि दगडातल्या माणसाला म्हणाली, "तुमचा जुना हाय का?" मामा इतका हसला की पहारेकरी बघायला आला. बाबांनी मात्र वहीत चित्र उतरवून घेतले आणि खाली लिहिले, 'हिला दाखवणे.'

दुसऱ्या दिवशीही आई आली नाही. झाडांनी गिळलेल्या त्या मंदिरात बाबा नीट पाहत नव्हते. मुळांच्या विळख्यात उभे राहून ते घड्याळ पाहत होते. संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा आई आणि यीय जिन्याच्या पायरीवर बसल्या होत्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, तरी दोघी मिळून एक कोंबडी साफ करत होत्या आणि मोठमोठ्याने बोलत होत्या, आपापल्या भाषेत, आणि योग्य ठिकाणी हसत होत्या. आईचा चेहरा मात्र उतरला होता. तीन दिवस पाव-केळ्यांवर काढले होते तिने. बाबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "जना, गावाला फोन लाव."

आमच्या गावात तेव्हा किराणा दुकानात फोन होता. दुकानदाराने लहानू भगताला बोलावून आणले, आणि इकडे फोन आईने हातात घेतला. भगत फोनवर ओढ्यापलीकडच्या माणसाशी बोलावे तसा ओरडून बोले. त्यामुळे त्याचा शब्द न् शब्द आम्हाला ऐकू आला.

"बोल गो! कुठं हायेस?"

"लांब हाय. सखूआजीचे भारे झोडले का?"

"कुठले! आतून भिजलेत, उन्हात टाकलेत. चार-पाच दिस जातील."

"मंग मी काय खाऊ? हिथं समदा नवाच तांदूळ हाय."

"कुणाच्या शेतातला?"

"हितल्याच लोकांच्या."

"मंग आपल्या देवीला मधी कशाला घेतेस गो? तिची हद्द कुठवर हाय?"

"वढ्यापर्यंत."

"वढ्याच्या पल्याड ती कुणाच्या ताटात बघत नाय. तिथला राखणदार दुसरा असंल. त्याला त्याचा मान दे नि खा. हितला नवा तेवढा हिथं आल्यावर, समद्यांसंगं."

"खरंच चालंल?"

"भगत कोण हाय, तू का मी? आणि गुरुजींना सांग, येताना काय तरी आणा. एवढं लांब गेलेत."

फोन ठेवल्यावर बाबांना हायसे वाटले. ते म्हणाले, "सोपे आहे. उद्या जातोय ते विष्णूचेच मंदिर आहे. त्याच्यापुढे ठेव."

"इष्णू शेत राखतो का?" आईने विचारले.

 वीस वर्षे वर्गात उभे राहून बाबांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता.

मग मामाने यीयला विचारायचे ठरले. मामाची तिथली भाषा पट्टे, चाळण्या आणि मोटारी यांच्यापुरती होती. त्याने विचारले, या भाताची राखण कोण करतो? यीयने गिरणीच्या दारात खुर्चीवर झोपलेल्या पहारेकऱ्याकडे बोट दाखवले. आई म्हणाली, "ह्याला मान द्यायचा? उठव तरी आधी." मामाने दुसऱ्यांदा प्रयत्न केला. मूठभर तांदूळ घेतला, जमिनीवर ठेवला, हात जोडले, मग आपल्या तोंडाकडे घास नेण्याची खूण केली. यीय मांडीवर थाप मारून म्हणाली, "आ, ता! ता रीच!" आणि बराच वेळ बोलत राहिली. मामाने सांगितले, "ता म्हंजी आजोबा. म्हणते, गावागावाला एक आजोबा असतो, जमीन राखतो. पण सगळ्यांत मोठा आजोबा, ता रीच, मोठ्या देवळाच्या दारात उभा हाय. सकाळी मीच नेते म्हणते."

सकाळी यीयने भात शिजवून केळीच्या पानात बांधला, पाचवारीसारखे गुंडाळलेले नवे वस्त्र नेसली, आणि मोटारसायकलला जोडलेल्या गाडीत आम्ही सहा जण दाटीवाटीने बसलो. रुंद खंदक, त्यावरून गेलेली लांब दगडी वाट, आणि समोर पश्चिमेचे महाद्वार. येथे एक गोष्ट नोंदवते: समोरून पाहिले तर त्या मंदिराची तीनच शिखरे दिसतात, पाच दिसण्यासाठी वाटेवरून बाजूला जावे लागते. बाबा दगडी वाटेवर तीन मोजून कावरेबावरे झाले होते. फळ्यावर त्यांनी नेहमी पाच काढली होती.

यीय मधल्या दारातून गेली नाही. ती उजवीकडच्या दालनात वळली. आत काळोखी, थंड हवा, उदबत्त्यांचा धूर, आणि त्या धुरात माणसाच्या दुपटीने उंच अशी दगडी मूर्ती उभी. अंगावर पिवळे वस्त्र गुंडाळलेले. बाबांनी हात मोजले. पुन्हा मोजले. "अष्टभुज विष्णू," ते म्हणाले. वही उघडायचेही त्यांना सुचले नाही.

आई मूर्तीकडे पाहत नव्हती. ती पायांपाशी पाहत होती. तिथे केळी होती, नारळ होता, फुले होती, आणि एका ताटात अख्खी शिजवलेली कोंबडी होती, मान वळवून नीट बसवलेली. शेजारी छोटी बाटली.

"हे काय?" बाबा दचकले. "विष्णूपुढे कोंबडी?"

आईने पदर खोचला. गेल्या तीन दिवसांत तिच्या चेहऱ्यावर न दिसलेला उजेड मला दिसला. "मंग इष्णू नाय तो," ती म्हणाली. "आपल्यातलाच हाय."

"अगं, आठ हात आहेत!"

"असू द्या. राखायला जमीन केवढी हाय! दोन हातांनी पुरंल का?"

यीयने काय चालले आहे ते विचारले, मामाने सांगितले, आणि ती इतकी हसली की उदबत्ती विकणाऱ्या बाईने तिला हटकले. मग आईने तिला एक प्रश्न विचारायला सांगितले. "हितं कुणाची कापणी मागं राहिली हाय का, इचार." यीयचे उत्तर मामाने गंभीर चेहऱ्याने सांगितले: "राहिली हाय म्हणते. तिच्या जावयाची. आळशी हाय."

"हितंपण जावई!" आई म्हणाली, आणि मनापासून हसली. बाबा दुसरीकडे पाहू लागले.

चपला आईने दालनाच्या उंबऱ्याबाहेरच काढल्या होत्या. यीयच्या पानातला भात तिने मुठीने घेतला, दुसऱ्या पानावर ठेवला, आणि ते पान कोंबडीच्या ताटाशेजारी जागा करून जमिनीवर मांडले. हात जोडले. तिचे ओठ हलले. मी तिच्या कोपराला लागून उभी होते, आणि ती काय म्हणाली ते मी स्पष्ट ऐकले. हे बाबांनी ऐकले नाही, मामाने नाही, चिमी तर उदबत्त्या मोजत होती. आई म्हणाली, "माझ्या पोटाचं झालं. सखूआजीचे भारे वाळू दे."

यीयनेही हात जोडले होते. ती काय म्हणाली मला कळले नाही. पण आता वाटते, जावयाबद्दल काही असावे.

मग आम्ही बाहेर आलो, खंदकाच्या कडेला, दगडी पायऱ्यांवर सावलीत बसलो. यीयने उरलेल्या भाताचे पान उघडले. त्याबरोबर खारवलेला सुका मासा, भाजलेला. दिसायला वेगळा, चवीला थेट आमच्या सुकटीचा थोरला भाऊ. आईने पहिला घास घेतला तेव्हा आम्ही कोणी खात नव्हतो. सगळे तिच्याकडे पाहत होतो. तिने सावकाश चावला, गिळला.

"चिकट हाय," ती म्हणाली. "पण गोड हाय." आणि पुढचा घास बाबांच्या हातावर ठेवला. "खा. आता तुमचं देऊळ दाखवा. किती पायऱ्या हायेत?"

बाबांनी तिला सारे दाखवले. भिंतीवरचे समुद्रमंथन, देव आणि असुर सापाला धरून ओढत असलेले. आईने त्यांच्या पायांकडे बोट दाखवून सांगितले की हे लोक झोडणीला उभे राहतात तसेच उभे आहेत, पाय रोवून; बाबांनी ते वहीत लिहून घेतले. वाटेच्या बाजूला, पाण्याच्या तळ्यापाशी नेऊन पाच शिखरे दाखवली. "हे मी फळ्यावर काढतो," ते म्हणाले. आईने बोटाने पाचही मोजली. "बरोबर काढता?" तिने विचारले. "मधले थोडे लहान पडते," बाबांनी कबूल केले. सगळ्यांत वरच्या मजल्याच्या पायऱ्या भिंतीसारख्या उभ्या होत्या. आई पुढे चढली, मागे चिमी, मग मी. बाबा शेवटी, एका हातात टोपी धरून. वर पोचल्यावर चारी बाजूंना जंगल, आणि जंगलापलीकडे पिवळी पडलेली भाताची शेते दिसत होती. आई खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "उजवीकडची कापायला झाली. ह्यांचा पाऊस लवकर थांबला असंल." बाबा तिच्याकडे पाहत होते. मंदिर पाहायचे त्यांना त्या क्षणी सुचले नसावे.

परत आलो तेव्हा सखूआजीचे भारे झोडायचे शिल्लकच होते. आईने सामान सोडण्यापूर्वी पदर बांधला आणि तिच्या खळ्यावर गेली. नवा भात आम्ही गावाबरोबर खाल्ला. आईने त्या वर्षी दोनदा नवा खाल्ला, असे भगत चिडवी.

आता उत्तर. बाबा शेवटपर्यंत सांगत की तो भात विष्णूपुढे ठेवला, आणि त्यांचा पुरावा आठ हातांचा होता. मामा म्हणतो, ज्या नावाने तिथली माणसे हाक मारतात तेच खरे, म्हणून तो ता रीच, आजोबा. चिमी सांगते, आपण बुद्धाला भात दिला, कारण वस्त्र पिवळे होते. आई आता थकली आहे. तिला विचारले तर म्हणते, राखणदार. मी चौघांचीही बाजू ऐकली आहे आणि प्रत्येकाने आपण पाहिलेल्या वस्तूवरून उत्तर काढले हे मला मान्य आहे. माझा पुरावा वस्तूचा नाही, ऐकलेल्या वाक्याचा आहे. ज्याची हद्द कुठवर आहे हे ठाऊक नसताना, स्वतःचे पोट भरण्याआधी दूरच्या शेजारणीचे भारे वाळावेत म्हणून ज्याच्याकडे मागता येते, त्याला आमच्याकडे एकच शब्द आहे. म्हणून माझे उत्तर आईचेच: तो भात राखणदारापुढे ठेवला.

परंतु मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि हे सर्व आठवणीतून लिहिले आहे. आपल्यापैकी कोणी तिकडे गेलात तर पश्चिमेच्या दारात उजवीकडच्या दालनात जा, हात मोजा, पायांपाशी काय ठेवले आहे ते पाहा, आणि तिथल्या एखाद्या आजीला विचारा. माझे शब्द प्रमाण मानू नका. कृपया स्वतः पडताळून पाहा.